एका दुरुस्तीची तपासणी

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे, म्हणजे एखादे शिलालेख, लेणे किंवा सत्याग्रह यांविषयी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. या लेखाचा विषय मात्र संगणकाच्या आज्ञावलीतील एक दोष आणि त्याची दुरुस्ती हा आहे. विषय परका वाटला, तरी पद्धत परकी नाही. मूळ लेख काय होता, तो कोणी बदलला, का बदलला, बदलताना काय गाळले गेले आणि त्या बदलाची शहानिशा कोणी केली, हेच प्रश्न इतिहासाचा अभ्यासक प्रत्येक साधनाला विचारतो. आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात काम करतात. त्यांचे आईवडील आम्हांला विचारतात, “सर, आमचा मुलगा दिवसभर नेमके करतो तरी काय?” त्या प्रश्नाचे एक उत्तर या लेखात आहे. आणि जे शिक्षक किंवा पालक म्हणून मुलांच्या चुका दाखवतात, त्यांच्यासाठी एक धडाही आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. एका कार्यालयात पन्नास संगणक असतील आणि सर्वांना एकाच कपाटातील कागद हवे असतील, तर ते कपाट एका संगणकावर ठेवून बाकीच्यांनी त्याच्याकडे मागणी करायची, अशी सोय असते. कागद सांभाळणाऱ्या या संगणकाला फाइल सर्व्हर म्हणतात. मागणी करणाऱ्याला क्लायंट. या देवघेवीचे नियम ठरलेले असावे लागतात. ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’, म्हणजेच एन.एफ.एस., हा असा एक नियमसंच सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये तयार केला. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आणि तिसरी १९९५ मध्ये जाहीर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली. विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि मोठमोठी संगणककेंद्रे हे नियम आजही वापरतात.

लिनक्स ही संगणकप्रणाली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केली. आज जगभरचे हजारो लोक तिच्यात भर घालतात. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. एन.एफ.एस.चा सर्व्हर लिनक्समध्ये या गाभ्यातच बसवलेला आहे. याचा अर्थ असा, की साध्या कार्यक्रमातील चुकीने तो एकच कार्यक्रम बंद पडतो. पण या सर्व्हरच्या आज्ञावलीत चूक झाली, तर सबंध यंत्र कोसळू शकते किंवा परक्याच्या ताब्यातही जाऊ शकते. कपाटात कोणाचे गुणपत्रक असेल, कोणाचा दाखला असेल, कोणाच्या आजाराची नोंद असेल. कपाट सांभाळणाऱ्याची चूक ही केवळ त्याची एकट्याची राहत नाही.

पहिला दोष : शून्यातून आठ वजा केले तर

क्लायंट सर्व्हरला म्हणतो, “या कप्प्यात कोणकोणते कागद आहेत, त्यांची यादी दे, पण माझ्याकडे एवढीच जागा आहे, तेवढ्यात मावेल इतकीच दे.” यादी मागण्याच्या या क्रियेला ‘रीडडिर’ असे नाव आहे. जागा किती, हे क्लायंट एका आकड्याने कळवतो. सर्व्हर त्या आकड्यातून आठ बाइट बाजूला काढून ठेवतो. चार बाइटांचे एक माप, अशी दोन मापे. यादी संपली की ‘पुढे नोंद नाही’ ही खूण आणि ‘कप्पा संपला की नाही’ ही खूण अशा दोन खुणा लिहायला ती जागा लागते. उरलेल्या जागेत यादी बसवायची.

आता एखाद्या क्लायंटने जागा शून्य आहे असे कळवले तर? शून्यातून आठ वजा केले की आपल्या मुलांच्या वहीत उणे आठ येतात. परंतु संगणकात ही संख्या ज्या प्रकारे साठवली होती, त्या प्रकारात उणे संख्या नसतेच. जुन्या मोटारीच्या अंतरमापकावर सर्व शून्ये असताना चक्र मागे फिरवले, तर सगळीकडे नऊ दिसतात. तसेच येथे घडते. शून्यातून आठ गेले आणि उत्तर आले ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २८८. हाती जागा नव्हती, पण सर्व्हरला वाटले की अफाट जागा आहे. मग तो आपल्या हद्दीच्या पलीकडे, दुसऱ्याच्या मालकीच्या स्मृतीवर लिहू शकत होता.

हा दोष २०२१ च्या अखेरीस दुरुस्त झाला. दुरुस्तीसोबत जी टिपणी जोडली गेली, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखी आहे. तिचा आशय असा. ही वजाबाकी पहिल्यापासूनच संशयास्पद होती. क्लायंटने पाठवलेला आकडा योग्य आहे की नाही, हे सर्व्हरने कधीच तपासले नव्हते. पण नोंदी लिहिण्याची जुनी आज्ञावली अशी होती, की ती हा प्रसंग निभावून नेत असे. ती आज्ञावली अधिक सुबक करण्यासाठी नव्याने लिहिली गेली, आणि झाकलेला दोष उघडा पडला. आजकालचे क्लायंट एका वेळी शक्य तितकी मोठी यादी मागतात. अगदी लहान आकडा कोणी पाठवत नाही. चाचण्यांतही लहान आकड्याचा प्रसंग घेतलेला नव्हता. म्हणून हे कोणाच्या लक्षात आले नाही.

या टिपणीत कोणाला दोष दिलेला नाही, आणि काही लपवलेलेही नाही. दोष कोठून आला, कोणत्या बदलाने तो उघड झाला, आणि चाचणीत काय सुटले, या तिन्ही गोष्टी सरळ सांगितल्या आहेत. दुरुस्ती म्हणून आकड्याला दोन्ही बाजूंनी कुंपण घातले गेले. आठाच्या खाली आकडा जाणार नाही, आणि सर्व्हर एका वेळी जास्तीत जास्त जेवढा मजकूर पाठवतो त्याच्या वर तो जाणार नाही.

वाचकाला वाटेल, प्रश्न मिटला. खालचे टोक बांधले, वरचेही बांधले. येथेच तपासणी करणाऱ्याची खरी परीक्षा असते.

दुसरा दोष : कागद एकच, प्रश्नही त्यावर आणि उत्तरही त्यावर

वर्षभराच्या आत, २०२२ मध्ये, त्याच सर्व्हरमध्ये दुसरा दोष समोर आला. तो समजून घेण्यासाठी परीक्षेचा दाखला घेऊ. समजा, एका शाळेने कागद वाचवण्यासाठी ठरवले की विद्यार्थ्याला कोऱ्या पानांचा एकच गठ्ठा द्यायचा. आधी त्यावर प्रश्न उतरवून घ्यायचा आणि उरलेल्या पानांवर उत्तर लिहायचे. प्रश्न लहान असेल तर उत्तराला भरपूर पाने उरतात. मोठ्या प्रश्नाचे उत्तर लहान असते, म्हणून तेथेही अडत नाही. मोठा प्रश्न आणि मोठे उत्तर एकत्र येणारच नाही, या विश्वासावर ही काटकसर चालते.

एन.एफ.एस.चा सर्व्हर नेमके हेच करीत होता, आणि फार जुन्या काळापासून. लिनक्सच्या बदलांची नोंद ठेवणारी ‘गिट’ ही पद्धत २००५ मध्ये आली; ही काटकसर तिच्याही आधीची. येणारी मागणी आणि जाणारे उत्तर या दोहोंसाठी स्मृतीच्या पानांचा एकच गठ्ठा. फाइलमध्ये मजकूर लिहायचा असेल तर मागणी मोठी आणि उत्तर लहान. फाइल वाचायची असेल तर मागणी लहान आणि उत्तर मोठे. दोन्ही मोठे असा व्यवहारच नियमसंचात नव्हता.

पण एखाद्याने मुद्दाम लहान मागणीच्या शेवटी निरर्थक मजकुराची शेपटी जोडून पाठवली तर? मागणीचा मथळा नियमाप्रमाणे अचूक आहे, म्हणून सर्व्हर ती स्वीकारतो. मागणीने बरीच पाने खाल्ली आहेत. उत्तराला थोडीच पाने उरली आहेत. आणि मागणी आहे मोठ्या उत्तराची. सर्व्हर मात्र असे धरून चालतो की पूर्ण जागा हाताशी आहे. तो लिहीत जातो, पाने संपतात, तरी लिहितच राहतो.

पहिल्या दुरुस्तीतील वरचे कुंपण येथे का उपयोगी पडले नाही? कारण ते कुंपण नियमपुस्तकातील कमाल मर्यादेवर घातलेले होते. त्या क्षणी प्रत्यक्षात उरलेल्या जागेवर नव्हे. नियमाने एवढी पाने मिळतात, हे खरे. पण आज, या घटकेला, या टेबलावर किती पाने शिल्लक आहेत, हे मोजलेच नव्हते. कागदावर मिळालेला हक्क आणि हातात पडलेला हक्क यांतील अंतर आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. तेच अंतर येथे यंत्राच्या हिशेबात होते.

दुसऱ्या दुरुस्तीने नियमातील कमाल मर्यादा आणि प्रत्यक्ष उरलेली जागा यांपैकी जी लहान, ती वरची हद्द मानली. बदल मोजक्या ओळींचा. परंतु तो एकाच ठिकाणी करून भागले नाही. यादी मागण्याच्या क्रियेत जो दोष, तोच फाइल वाचण्याच्या क्रियेतही होता. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत होता, तसा दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांतही होता. म्हणून या चारही जागी वेगवेगळी दुरुस्ती करावी लागली. त्यांपैकी दुसऱ्या आवृत्तीच्या यादीविषयीच्या दुरुस्तीची टिपणी तर सांगते, की पूर्वी असलेली मर्यादा आपण परत आणत आहोत. म्हणजे मर्यादा एके काळी होती. बदलांच्या ओघात ती गळून गेली होती. लिनक्सच्या ५.१९.१७ आणि ६.०.२ या आवृत्त्यांपासून हा दोष दूर झाला.

तपासणारा काय विचारतो

लिनक्सच्या गाभ्यात कोणाचाही बदल थेट जात नाही. बदल सुचवणारा आधी तो सर्वांसमोर ठेवतो. त्यासोबत दोष काय, कारण काय आणि उपाय हाच का, हे लिहितो. शेवटी स्वतःच्या नावानिशी सही करतो. ही सहीची प्रथा २००४ पासून रूढ झाली. दोष कोणी कळवला, त्याच्याही नावाची नोंद होते. कोणत्या जुन्या बदलामुळे दोष आला, तो बदलही नोंदवला जातो. मग इतर जाणकार वाचतात. ज्याने नीट वाचले, शंका विचारल्या आणि ज्याचे समाधान झाले, तो ‘मी तपासले’ अशी आपल्या नावाची ओळ देतो. त्या ओळीने तो निर्दोषपणाची हमी देत नाही. आपण प्रामाणिकपणे तपासले आणि आपल्याला माहीत असलेली उणीव यात उरलेली नाही, एवढीच जबाबदारी तो घेतो. त्या विभागाची देखभाल करणारा मग तो बदल स्वीकारतो.

वरील दोन दोषांच्या आधारे, चांगला तपासनीस कोणते प्रश्न विचारतो, ते मांडता येईल.

पहिला प्रश्न : दोष खरोखर समजला आहे का, की केवळ त्याचे लक्षण झाकले आहे? ‘यंत्र कोसळते’ हे लक्षण झाले. ‘न तपासलेल्या आकड्यातून वजाबाकी होते’ हे कारण झाले.

दुसरा : दोन्ही टोके पाहिली का? शून्य पाठवले तर काय, कमाल पाठवले तर काय, आणि कमालीच्या जवळचे पाठवले तर काय?

तिसरा : हद्द कशावरून ठरवली? पुस्तकातील आकड्यावरून की प्रत्यक्ष मोजणीवरून?

चौथा : हाच दोष शेजारच्या खोलीत आहे का? एका क्रियेत सापडला, तर तिच्या बहिणींतही शोधला पाहिजे.

पाचवा : जुनी आज्ञावली न बोलता कोणते काम करीत होती? जे लिहिलेले नव्हते पण पाळले जात होते, ते नव्याने लिहिताना सुटले तर नाही?

सहावा : पुन्हा हाच दोष आला तर कळेल अशी चाचणी तयार आहे का?

सातवा, आणि सर्वांत दुर्लक्षित : दुरुस्ती वापरणाऱ्यापर्यंत पोहोचेल का? मुख्य आवृत्तीत दुरुस्ती झाली, तरी जुनी आवृत्ती वापरणारी असंख्य यंत्रे असतात. म्हणून अशा दुरुस्त्या जुन्या आवृत्त्यांतही नेल्या जातात. पण शेवटी ज्याच्या हाती यंत्र आहे, त्याने ती बसवून घेतली नाही, तर सारी मेहनत कागदावरच राहते.

आपल्या परंपरेतील तपासणी

हे सर्व वाचताना मला वर्षावासाच्या समाप्तीची आठवण होते. तीन महिने एकत्र राहिल्यानंतर भिक्खू प्रवारणा करतात. प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझ्याकडून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका तुम्हांला आली असेल, तर करुणेने मला सांगा. मला तो दिसला तर मी सुधारेन. ही विनंती ज्येष्ठ भिक्खूपासून सुरू होते. संयुक्त निकायातील प्रवारणासुत्तात तर स्वतः तथागत संघाला विचारतात, की माझ्या कायेत वा वाणीत काही निंद्य आढळले का? ज्याला कोणी प्रश्न विचारला नसता, त्याने स्वतःहून तपासणी मागितली.

विनयाच्या नियमांचेही तसेच. एखादा प्रसंग घडला की नियम केला जाई. पुढे नवा प्रसंग आला आणि नियम अपुरा ठरला, तर त्यात भर घातली जाई. त्या भरीला अनुपञ्ञत्ति म्हणतात. मूळ नियम आणि त्याची भर, दोन्ही कारणासह जतन केली गेली. कोणत्या घटनेमुळे नियम बदलला, हे आज अडीच हजार वर्षांनंतरही वाचता येते.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने भारतीय संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केला. तो लोकांसमोर ठेवला गेला आणि त्यावर सूचना मागवल्या गेल्या. संविधान सभेत ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांनी कलमामागून कलमाचे समर्थन केले, आणि जेथे सूचना योग्य वाटली तेथे ती स्वीकारली. शिवाय पुढील पिढ्यांना दुरुस्ती करता यावी, म्हणून संविधानातच तशी तरतूद ठेवली. ग्रंथ अपौरुषेय आहे, त्याला प्रश्न विचारू नये, असे मानणाऱ्या परंपरेशी ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली, त्यांनी स्वतः घडवलेला ग्रंथ मात्र प्रश्नांसाठी खुला ठेवला.

संगणकक्षेत्राचे गुणगान करावे म्हणून ही तुलना केलेली नाही. तेथेही मान, ओळख आणि भाषेची दडपणे असतात. नवख्याच्या चुकीवर कठोर शब्द पडतात, ज्येष्ठाच्या चुकीकडे कानाडोळा होऊ शकतो. वर सांगितलेला पहिला दोष निर्माण करणारा बदलही कोणीतरी वाचलाच असेल. तरी तो सुटला. पद्धत माणसाला सर्वज्ञ करीत नाही. ती इतकेच करते, की चूक सापडल्यावर तिचा माग काढता येतो आणि माग काढणाऱ्याला बोलण्याचा अधिकार राहतो.

वर्गात आणि घरात

मी अनेक वर्षे उत्तरपत्रिकांवर लाल शाईचे गोल काढले. गोल काढला म्हणजे काम झाले, असे मला वाटत असे. मूल तो गोल बघून मान खाली घालायचे आणि वही मिटायचे. चूक कोठे आहे हे त्याला कळले. का झाली, आणि तसल्याच दुसऱ्या उदाहरणात ती पुन्हा होईल का, हे मी सांगितले नाही. वरच्या सात प्रश्नांच्या कसोटीवर माझी तपासणी नापास होती.

ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले, त्या मुलांना चूक दाखवताना आपण अधिक जपले पाहिजे. ‘तुला येतच नाही’ हे वाक्य त्यांच्या पूर्वजांना पुरेसे ऐकवले गेले आहे. पण जपणे म्हणजे चूक न दाखवणेही नव्हे. ‘येथे वजाबाकी करण्याआधी तू संख्या पाहिली नाहीस, शून्य असते तर काय झाले असते?’ असे विचारणे हा सन्मान आहे. त्यात मुलाची जात, बाप, गुण यांपैकी काहीच येत नाही. फक्त समोरचे काम येते.

गेल्या काही वर्षांपासून मी वर्गात मुलांना एकमेकांची उत्तरे तपासायला लावतो. तपासणाऱ्याने खाली स्वतःचे नाव लिहायचे, किमान एक प्रश्न विचारायचा, आणि चूक सुटली तर तीही दोघांची मानायची. पहिले काही आठवडे सगळे ‘छान’ लिहून मोकळे होतात. मग एखादी मुलगी धीर करून लिहिते, ‘महाडच्या सत्याग्रहाचे वर्ष बरोबर आहे, पण कारण अर्धेच लिहिले आहे.’ त्या दिवसापासून वर्ग बदलतो. एकदा एका विद्यार्थ्याने मी फळ्यावर लिहिलेली तारीख चुकल्याचे दाखवले. मी ती पुसली नाही. तिच्यावर रेघ मारून शेजारी बरोबर तारीख लिहिली, आणि खाली त्याचे नाव लिहिले. जुनी चूक दिसत राहिली, दुरुस्ती दिसत राहिली आणि दुरुस्त करणाराही दिसत राहिला.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. तुम्ही दूरच्या शहरांत, परदेशांत, अशा तपासण्या रोज करता आणि रोज सोसता. विद्यालयात याल तेव्हा पदांची आणि पगारांची माहिती जरूर द्या. पण एखादी स्वतःची चूक, तिची दुरुस्ती आणि ती कोणी तपासली, हेही मुलांना सांगा. पालकांनाही एक विनंती. मुलाने घरी येऊन ‘बाबा, तुमचे येथे चुकते आहे’ असे म्हटले, तर आधी ते बरोबर आहे का ते पाहा. बरोबर असेल तर तसे त्याला सांगा.

हा लेखही तपासणीसाठी खुला आहे. यात कोठे चूक आढळली, तर विद्यालयाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. पुढील स्मरणिकेत दुरुस्ती छापण्याचा आग्रह मी स्वतः धरीन, आणि ती दाखवणाऱ्याचे नाव तिच्याखाली असेल.